चार पॉइंट सात

लातुरात टक्क्यांशिवाय बोलणं होत नाही. तिथला चहावालासुद्धा आधी पोराचे टक्के विचारतो आणि मग साखर किती ते. तेव्हा माझ्या मरणाचे टक्केही तिथंच निघावेत, यात वावगं काही नव्हतं.

माझ्या हृदयाची एक झडप आखडलीय, असं नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं. छाती न उघडता, मांडीच्या रक्तवाहिनीतून नवी झडप बसवता येते. पण या वयात झेपेल का, ते आधी बघावं लागेल म्हणाले. माझे मेहुणे हणमंतराव यांनी फोनवरच निकाल दिला, "दाजी, सरळ लातूरला या. इथला डॉक्टर राघवेंद्र माझा विद्यार्थी हाय." हणमंतराव क्लासमध्ये गणित शिकवतात. लातुरातला कुठलाही डॉक्टर त्यांचाच विद्यार्थी असतो; निदान ज्याचं नाव झालंय तो तरी.

राघवेंद्र नम्र होता. त्यानं माझं वय, मूत्रपिंडाचा रिपोर्ट, हृदयाची ताकद असं सगळं संगणकात भरलं. मी सारी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात काढली आणि दोन पुस्तकं लिहिली, यासाठी त्यात रकाना नव्हता. बरंच झालं. ती पुस्तकं मोजून धोका कमी झाला असता, असं मला तरी वाटत नाही.

मग चालण्याची परीक्षा. नर्सनं कॉरिडॉरमध्ये फरशीवर चिकटवलेल्या दोन पट्ट्या दाखवल्या आणि म्हणाली, "इथून तिथवर नेहमीसारखं चाला." मी निघालो. मध्येच स्ट्रेचर आलं. मी भिंतीला टेकून त्याला वाट दिली, त्याच्यामागून आलेल्या बाईंनाही दिली. घड्याळ चालूच होतं. नर्सनं 'चाल मंद' असं लिहून टाकलं. स्ट्रेचरचं सांगावंसं वाटलं. पण ती घाईत होती, आणि तसं पाहिलं तर मी नेहमीसारखाच चाललो होतो.

"मृत्यूचा धोका चार पॉइंट सात टक्के," राघवेंद्र म्हणाला. "चाल बरी असती तर तीनच्या आसपास आला असता."

"रिचेकिंगला टाका, दाजी!" हणमंतराव उसळले. "स्ट्रेचर मी माझ्या डोळ्यानं बघितलं. इथं एकेका मार्कावर सीट जाते!"

"सर, शंभरातले पंच्याण्णव घरी जातात की."

"ते मला नको सांगू. शंभरातल्या चारात बसायचं म्हणून तर गावोगावची पोरं इथं खोल्या करून अभ्यास करायलीत. हरेक बापाला वाटतं, चारातला एक आपलाच. मग चार टक्के कमी झाले का रे?"

लातूरबाहेर हा युक्तिवाद कुणाला सुचला नसता. मला मात्र त्यानं धीर आला. निवडक चारांत माझी वर्णी आजवर कधीच लागलेली नाही. बढतीच्या यादीत नाही, साहित्य संमेलनाच्या पत्रिकेत तर नाहीच. यमाच्या निवड समितीनं एकदम माझी दखल घ्यावी, एवढा माझा वकूब कुठला! पण हे मोठ्यानं बोललो नाही. शिवाय 'पॉइंट सात' म्हणजे माझा नेमका कोणता भाग, ही शंका होतीच.

माझी पत्नी गोदावरी शेजारच्याच खुर्चीत होती. "झालं का रे तुझं, हणमंता?" असं भावाला विचारून ती डॉक्टरकडे वळली. "आन् न्हाई केलं तर?"

एवढ्या हुशार खोलीत हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. मला पडला होता. पण डॉक्टरला असं विचारणं बरं दिसेल का, हे ठरत नव्हतं.

राघवेंद्रनं संगणकाकडे पाहिलं नाही. "दोन वर्षांत साधारण निम्मे जातात, काकू."

गोदावरी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "हे सगळं जगाचं झालं. तुमच्या हातानं किती केले?"

"अकरा."

"आन् त्यातले?"

"अकराही घरी गेले, काकू. एक आजोबा तर परवा उदगीरहून एकटेच एसटीनं तपासायला आले होते."

"मग धोका शून्यच झाला की!" सकाळपासून पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला. "किती वेळ लागतो? मी बसू कुठं तोवर?"

अकरा जणांवरून शून्य काढणाऱ्याला हणमंतरावांनी क्लासात फळ्यापाशी उभं केलं असतं. राघवेंद्रलाही ते ठाऊक असावं. तो टेबलावरचं पेन उगाच सरळ करू लागला. हणमंतरावांनी तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. डोळे वटारायची मला सवय नाही, त्यामुळे ते कितपत जमलं कोण जाणे. पण ते बहिणीकडे वळले.

"बरोबर हाय, अक्का," ते म्हणाले. "शून्य."

"तुमचं काय म्हणणं, काका?" राघवेंद्रनं विचारलं.

छातीत धडधडत होतं. आखडलेल्या झडपेला तेवढं अजून जमत होतं. "करा," मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की त्यानं पुन्हा विचारलं. गोदावरी माझ्याकडेच बघत होती. मग मी दुसऱ्यांदा म्हणालो, घाबरलेला माणूस म्हणणार नाही इतक्या मोठ्यानं.