भिमाजींची ढकलशक्ती

पृथ्वी कोणालाही ओढत नाही, असं भिमाजींचं ठाम मत होतं. आंबा झाडावरून खाली येतो, कारण त्याला वरून ढकललं जातं. अवकाशात अतिसूक्ष्म कण भरलेले आहेत आणि ते सगळ्या दिशांनी आपल्यावर आपटत असतात. पायाखाली एवढी थोरली पृथ्वी आडवी येते, म्हणून खालून येणारे कण अडतात, वरचे तेवढे पोचतात आणि माणूस जमिनीला धरून राहतो. ह्याला त्यांनी 'ढकलशक्ती' असं नाव दिलं होतं आणि दोनशे पानांचं रजिस्टर भरून टाकलं होतं. न्यूटनवर त्यांचा राग नव्हता. बिचाऱ्याला तपासणारा कोणी भेटला नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

तपासणं हा तर भिमाजींचा पेशाच. सातपूरच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं ते इन्स्पेक्शनला होते. मशीनवरून उतरलेला जॉब, म्हणजे घडवलेला सुटा भाग, त्यांच्या टेबलावर यायचा, ते मापाचं गेज लावायचे, आणि एक तर पास करायचे नाही तर रिजेक्ट करून कारण लिहायचे. तिसरा शेरा त्यांना ठाऊक नव्हता. कामगार त्यांना टरकून असत, पण भिमाजींनी पास केलेला जॉब गिऱ्हाइकाकडून परत येत नाही, हेही तेच कामगार सांगत.

आणि नेमकं ह्या माणसाच्या वाट्याला काय यावं, तर कौतुक! चार वर्षं भिमाजी रजिस्टर काखेत घेऊन फिरत होते. कारखान्यातला जुना सोबती सावळीराम पहिलंच पान बघून म्हणाला, "लय भारी!" एका प्राध्यापकांनी चहा पाजून, "ह्या वयात हा उत्साह म्हणजे कमाल," म्हणत दारापर्यंत पोचवलं. पोटची पोर स्नेहा ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. तिनं दोन महिने रजिस्टर ठेवून घेतलं आणि परत देताना म्हणाली, "छान लिहिलंय, पप्पा."

त्या 'छान'नं भिमाजी मनातून खचले. माप न घेता जॉबला छान म्हणणाऱ्या माणसाला त्यांनी आयुष्यात कधी टेबलाजवळ उभं केलं नव्हतं. आता ते पोरीला काय म्हणणार? चुकलं असेल तर चुकलं, पण मरण्याआधी कोणीतरी एकदा नीट तपासावं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

शेवटी सावळीरामनं कॉलनीतल्या विहाराच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी व्याख्यान ठरवलं. साठएक माणसं जमली. सुलाबाई, म्हणजे भिमाजींच्या पत्नी, ठेवणीतलं पातळ नेसून पहिल्या रांगेत बसल्या. शेजारी स्नेहा. भिमाजींनी फळ्यावर पृथ्वी काढली, चारी बाजूंनी बाण काढले आणि पाऊण तास बोलले. टाळ्या अशा पडल्या की खिडकीतली कबुतरं उडाली.

"आता शंका विचारा," भिमाजी म्हणाले.

मागून एकानं चहा कधी येणार, एवढंच विचारलं.

"अहो, काहीतरी चूक काढा की!"

"तुमच्यात कोण चूक काढणार, भाऊ?" कोणीतरी म्हणालं आणि पुन्हा टाळ्या पडल्या.

भिमाजींचा चेहरा उतरला. त्यांनी स्नेहाकडे पाहिलं. ती मान खाली घालून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. हे असं मान खाली घालणं, हे असं नजर चुकवणं भिमाजींनी बत्तीस वर्षं पाहिलं होतं. आपल्या जॉबचं माप बिघडलंय हे ज्याला आधीच कळलेलं असतं, तो टेबलासमोर अस्साच घुटमळतो.

"स्नेहा, उभी राहा. काय चुकलंय?"

"पप्पा, घरी बोलू."

"जॉब इथं आणलाय. तपासणी इथंच होईल."

स्नेहा उठली. "संध्याकाळी गंगापूर रोडनं तुम्ही गाडी चालवता, तेव्हा चिलटं कुठं आपटतात?"

"तोंडावर."

"पाठीवर?"

"पाठीवर कशी आपटतील? मी पुढं..." भिमाजी थबकले.

"पृथ्वीही सूर्याभोवती पळतेय, पप्पा. सेकंदाला तीस किलोमीटर. तुमचे कण तिला मागच्यापेक्षा समोरून जोरात लागणार. तिचा वेग कमी होत जाणार आणि ती कधीच सूर्यात जाऊन पडली असती."

सावळीरामनं घाईघाईनं टाळ्या वाजवायला हात उचलले. भिमाजींनी त्याला हातानंच थांबवलं. ते फळ्याकडे तोंड करून उभे राहिले. सुलाबाईंना वाटलं, ह्यांना आता घेरी येणार.

"कण फार वेगाचे असले तर?" भिमाजी वळून म्हणाले. "इतके वेगाचे, की त्यांच्यापुढं पृथ्वीचा वेग म्हणजे काहीच नाही?"

"मलाही तेच सुचलं होतं. पण मग ते इतक्या जोरानं आदळतील, की त्या उष्णतेनं जमीन वितळून जाईल. मी गणित करून पाहिलंय."

"कधी?"

"दिवाळीच्या सुट्टीत," स्नेहा अगदी हळू म्हणाली. "तीन दिवस लागले."

"दिवाळीत? आणि आज काय महिना चाललाय?" भिमाजींचा आवाज चढला. कारखान्यात हा आवाज चढला की मशीनं बंद पडायची. "अगं, मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुमचं मन मोडेल म्हणून!" स्नेहाचे डोळे भरले. "तुम्ही किती जीव ओतला होता त्यात. एकेक पान वाचताना मला दिसत होतं ते."

भिमाजी तिच्याकडे बघतच राहिले. "सगळी दोनशे पानं वाचलीस?"

"दोनदा. पान एकशे सव्वीसवर तुम्ही वर्गमूळ चुकवलंय. त्यानं निष्कर्ष बदलत नाही, पण चुकवलंय."

कोणाला काही कळायच्या आत भिमाजींनी खडू स्नेहाच्या हातात ठेवला. "ये, वर ये. पहिल्यापासून सांग सगळ्यांना. कुठं आणि का, सगळं." आणि स्वतः खाली उतरून तिच्या रिकाम्या खुर्चीवर बसले.

स्नेहानं डोळे पुसले आणि फळ्यावर सूर्य काढला. भिमाजी पुढं वाकून एकेक ओळ वाचू लागले.

सुलाबाईंनी काळजीनं त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "पडली ना हो तुमची ढकलशक्ती?"

"पडली!" भिमाजी म्हणाले, आणि त्यांना इतका आनंद झाला होता की ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.