सात खारट ओंजळी

मित्रांनो, आधीच सांगतो, मी चिडलेलो आहे. वय झाले म्हणून नव्हे, माझे कुणी ऐकत नाही म्हणून.

मी सामोआतल्या सावाई बेटावरचा एक जुना लाकडी ढोल. किनाऱ्यावरच्या आमच्या गावात ताविता नावाच्या सुताराने मिलोच्या झाडाचा ओंडका पोखरला, वर लांब चीर पाडली आणि मला आपल्या बायकोच्या, माकेरिताच्या हाती दिले. ती बालवाडीत शिकवायची. चाळीस वर्षे तिने मला बडवले, आणि मुले माझ्या तालावर गायली:

खेकडेदादा, घर कुठं?
काळ्या दगडाच्या पाठी तिथं.
समुद्र सरला, वाळू उकर,
सात ओंजळी खारट धर,
आठवी ओंजळ पोटात भर!

सात ओंजळींना माझ्या काठावर सात बोदे ठोके पडत. प्रत्येक ठोक्याला मुले तोंड वाकडे करून "थू!" करत. आठवा ठोका मधोमध, खणखणीत!

मग माकेरिता वारली. तिच्या जागी लोसाबाई आल्या. मायाळू होत्या, पण टापटिपीच्या भारी नादी. स्पर्धेसाठी हेच गाणे बसवताना त्यांनी कपाळाला हात लावला.

"थू काय, थू काय! पाहुण्यांसमोर थुंकणार का? ती खारट ओंजळींची ओळच नको."

"मग बाई, ठोके?" इआनेताने विचारले. ही पाच वर्षांची पोर मला वाजवत असे.

"ठोके राहू देत. त्यावर पाय आपटा. छान दिसतं."

बक्षीस मिळाले. मला तेल लावले, फुलांची माळ घातली. मी आतल्या आत धुमसत होतो. कौतुक माझे झाले, अन् गाण्याचा जीवच गेला!

पुढच्या वर्षी पावसाने दडी मारली. टाक्या तळाला गेल्या. पाण्याची गाडी येईना. मुले तळाचे गढूळ पाणी प्यायली आणि एकेक करून आजारी पडली. इआनेताची धाकटी बहीण तुसी तापाने निपचित पडली.

तेव्हा गावातल्या रोपातीआजोबांना स्पर्धेत ऐकलेले गाणे आठवले. ओहोटीला चार गडी घेऊन त्यांनी काळ्या दगडामागे खड्डा खणला, एक घोट घेतला आणि पचकन थुंकले.

"खारट! पोरांच्या गाण्यावर विसंबलो, आपणच गाढव!"

सगळे परतले. बालवाडीच्या चटईवर पडल्या पडल्या मी हे ऐकले. अरे, एकाच घोटाला उठलात? पण ओरडू कसा? मला तोंड आहे, जीभ नाही.

दुसऱ्या दिवशी इआनेता मला मांडीवर घेऊन उगीच वाजवत बसली होती. सात ठोके, मग एक. एकदम तिचा हात थांबला.

"बाई, ह्या सातांवर आपण आधी थुंकायचो ना? खारट म्हणून?"

लोसाबाईंचा चेहरा उतरला. "सात ओंजळी खारट... अगं देवा! मीच खोडली ती ओळ."

मला काखेत मारून पोर धावली, मागून बाई. समुद्र नुकताच सरला होता. रोपातीआजोबा कुरकुरत मागे आले. "आता काय, समुद्र प्यायला निघालात?"

बाईंनी भरतीने बुजलेला कालचा खड्डा पुन्हा उकरला आणि काठाशी गुडघ्यांवर बसल्या. ओंजळ भरायची, फेकायची, खालून जमिनीतले नवे पाणी झिरपेपर्यंत थांबायचे. इआनेता माझ्यावर ठोके मोजत होती. सात झाले. आठवी ओंजळ बाईंनी आजोबांपुढे धरली.

ते प्यायले. पुन्हा प्यायले. मग गावाकडे तोंड करून ओरडले, "गोडं आहे! भांडी आणा! असतील नसतील तेवढी!"

चौथ्या दिवशी तुसी उठून बसली. तिने खायला मागितले.

बाईंनी ती ओळ परत गाण्यात घातली. तरी माझा राग गेलेला नाही. लोकांना त्या ओळीत नुसते पाणी दिसले. पहिला घोट खारट लागला म्हणून उठू नका, हे कुणी घेतले? परवाच रोपातीआजोबा जाळ्याची गाठ सुटेना म्हणून जाळेच भिरकावून घरी आले!

आणि खरे दुखणे वेगळेच आहे. माकेरिताकडे अशी आणखी अकरा गाणी होती. एक वटवाघळाचे, एक उलट्या होडीचे... त्यांचे ताल मला पाठ आहेत, अर्थ नाहीत. ती जिवंत असताना तिला कुणी विचारलेच नाही. मित्रांनो, तुमच्या घरात गाणी म्हणणारे म्हातारे माणूस असेल, तर हे वाचून झाल्यावर खेळायला पळू नका. आधी त्याच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा.