अस्वलाच्या दाताची दोरी

“आता जे सांगतो ते तुम्हाला पटायचं नाही. आजवर कुणालाच पटलेलं नाही,” असं म्हणत म्हाताऱ्याने दोरीचं भेंडोळं खांद्यावरून उतरवून काउंटरवर टाकलं आणि बोलता बोलता तिचं एक टोक गिऱ्हाइकाच्या मनगटाला बांधूनही टाकलं. गिऱ्हाईक हसलं. एकदा मनगट अडकलं की माणूस गोष्ट संपेपर्यंत हलत नाही, ही युक्ती म्हाताऱ्याची जुनी होती.

गिऱ्हाइकं दोन होती. एक चांगला धिप्पाड, काउंटरला पोट टेकवून उभा; दोरी त्याच्याच मनगटाला होती. दुसरा त्याच्या बायकोचा भाऊ, काडीपैलवान. दोघं सहलीचं सामान घ्यायला आले होते आणि दुकानात शिरल्यापासून एकमेकांची टर उडवत होते. आता दोघंही त्या दोरीकडे बघत राहिले.

काउंटरच्या मागे, बुटक्या स्टुलावर, म्हाताऱ्याची लेक बसली होती. तिच्या मांडीवर त्याच दोरीचं मनगटात घालायचं कडं होतं, अर्धवट विणलेलं. तिने मान वर केली नाही. गाठीवर गाठ पडत राहिली.

“ही पॅराशूटची दोरी. पॅराकॉर्ड. दिसायला बुटाची नाडी. पण हिच्या पोटात काय आहे ते बघा.” म्हाताऱ्याने कात्रीने एक तुकडा कापला, वरची साल मागे सरकवली आणि आतले पांढरे पेड मोराच्या पिसांसारखे फुलवून दाखवले. “सात पेड. एकेक पेड म्हणजे स्वतंत्र दोरी समजा. तंबू ताणा, मोडल्या हाताला फळी बांधा, फाटलेलं शिवा, गळ टाकून मासा धरा. संकटाची पिशवी म्हणून घरात टॉर्च, शिट्टी, मलमपट्टी भरून ठेवता ना? त्यात ही नसेल तर ती संकटाची पिशवी नव्हे, शाळेचं दप्तर!”

“आणि अस्वल?” दारातून चावीवाला म्हणाला. दुकानाच्या पायरीला लागूनच त्याचं किल्ल्या घासायचं मशीन होतं. गोष्ट त्याला पाठ होती, आणि ती लांबायला लागली की तो असा चिमटा काढायचा.

“अस्वलावरच येतोय. तू किल्ल्या घास.”

लेकीने सुटलेलं टोक लायटरवर धरलं. नायलॉन वितळून काळा थेंब झाला. तो गरम असतानाच अंगठ्याने दाबायचा असतो, म्हणजे टोक पसरत नाही. आई थुंकीचा ओला अंगठा लावायची. लेकीने कोरडाच दाबला. मग अंगठा उलटा करून पाहिला. तिथे आधीचाच एक फोड होता, त्याच्या शेजारी नवा उमटत होता. दुखलं नाही. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल आपला असूनही परक्याचा वाटतो, तसं आई गेल्यापासून तिचं सगळं अंगच झालं होतं. भेटायला आलेली माणसं म्हणत होती, पोरगी खंबीर आहे हो. तीही त्यांना चहा देत होती. घरून नवऱ्याचा फोन यायचा, “कधी येतेस?” ती म्हणायची, “बघते.” तोही बिचारा पुढे काही विचारायचा नाही.

“तर आम्ही दोघं डोंगरात,” म्हातारा सांगत होता. “मी आणि आमची ही. तंबू ठोकलाय, चूल पेटवलीय, आणि समोर येऊन बसलंय अस्वल. गाल हा एवढा सुजलेला! डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी ओळखलं, दाढ दुखतेय.”

“अस्वलाची?” काडीपैलवान म्हणाला.

“नाही, माझी! अहो, ऐका तर. मी म्हटलं, बाबा रे, आ कर. त्याने आ केला. दाढ किडलेली, हलतेय. मी या दोरीचा आतला एक पेड काढला, दाढेला फास टाकला, दुसरं टोक झाडाला बांधलं. आणि त्याच्या कानाशी शिट्टी फुंकली.”

“मग?”

“मग काय! अस्वल एकीकडे, दाढ दुसरीकडे. दाढ अशी उडाली, ती झाडाच्या मुळात जाऊन रुतली. पण पेड तुटला नाही.”

धिप्पाड माणूस खदखदून हसला. त्याच्या हसण्याबरोबर मनगटाची दोरी हलली, आणि काउंटरवरचं भेंडोळं जिवंत असल्यासारखं सरकलं.

“पुढेच तर गंमत आहे. अस्वलाला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला की त्याने मला मिठी मारायला हात पसरले. आता अस्वलाची मिठी म्हणजे तुम्ही समजा. मी एक पाऊल मागे सरलो. आणि मागे काय होतं?”

“काय होतं?”

“काही नव्हतं.”

चावीवाल्याने मशीन बंद केलं. नेहमी इथेच बंद करायचा.

“कडा! सरळसोट! मी खाली, डोकं खाली, पाय वर. पण कमरेला कोण? ही दोरी. तिचं दुसरं टोक कुठे? दाढेत अडकलेलं. दाढ कुठे? मुळात रुतलेली. लोंबकळतोय मी. खाली दरीत ढग. आणि वरून आमच्या हिचा आवाज, अहो, हलू नका! हिने बाह्या सरसावल्या, दोरी हाताला गुंडाळली, आणि विहिरीतून बादली काढावी तसं मला सरसर वर ओढलं.”

आणि म्हातारा थांबला.

हा थांबा गोष्टीतच होता. इतकी वर्षं म्हातारा इथे थांबला की या स्टुलावरून, मान वर न करता, हातातली वीण न थांबवता, आई म्हणायची:

“मी तेव्हा माहेरी होते!”

मग दुकानात हशा पिकायचा. म्हातारा कपाळावर हात मारायचा आणि रडवेल्या आवाजात विचारायचा, “मग मला वर कोणी ओढलं?” आई म्हणायची, “कोणी नाही. या दोरीला माणूस पेलवत नाही.” असं म्हणून ती हनुवटीने समोरच्या भिंतीवरचा चढाईचा जाड दोर दाखवायची. ज्याला लटकायचंय त्याने तो घ्यायचा, ज्याला तंबू बांधायचाय त्याने ही. दोरीबरोबर सूचनांचा एक कागद यायचा, तो कुणी वाचत नसे. पण माहेर कुणी विसरत नसे. कित्येक वर्षांनी परत आलेली गिऱ्हाइकं सुद्धा दारातूनच विचारायची, काय काकू, आलात का माहेराहून?

लेक लहानपणी या स्टुलापाशी बसून बाहुलीचे हात बांधायची. तेव्हा तिला वाटायचं, आईबाबांचं खरंच भांडण आहे आणि ते रोज दुपारी होतं.

आई गेल्यावर दुकान उघडलं त्या दिवशीही म्हाताऱ्याने ही गोष्ट सांगितली होती. इथपर्यंत आला आणि थांबला. कुणी बोललं नाही. गिऱ्हाइकाला वाटलं, म्हातारा विसरला. चावीवाल्याने उगाचच मशीन चालू केलं. मग म्हाताऱ्याने घसा खाकरला आणि त्या रिकाम्या जागेवरून, डबक्यावरून टाकावी तशी उडी टाकून तो पलीकडे गेला. “आणि मग आम्ही घरी आलो,” म्हणाला.

तेव्हापासून गोष्ट पलीकडेच वाढत होती. दर वेळी थोडी. वर आल्यावर हिने त्याला रागावलं. मग चहा केला. चहात साखर विसरली. येताना हिला थंडी वाजली म्हणून त्याने आपलं जाकीट दिलं, ते हिला ढगळ झालं. कधी अस्वल पोचवायला आलं, कधी नाही. थापच ती, पण अडवणारं कुणी नसलं की थापही आपली वाट धरते.

लेक हे सगळं ऐकत विणत बसायची. कडं बंद होईल इतकं झालं की ती गाठी उसवायला घ्यायची, आईची वीण जिथे संपली होती तिथपर्यंत. मग पुन्हा विणायची. आईच्या गाठी जरा घट्ट होत्या, बोटाला कळायच्या. बोटाला कळणारं तेवढंच उरलं होतं. आई जे बोलायची ते तिला येत नव्हतं असं नाही. चावीवाल्यालाही येत होतं. पण ते वाक्य आईचं होतं. शिवाय कुणी काही बोललं नाही, तर आई अजून तिथे वर होती, डोंगराच्या कड्यावर, दोरी हाताला गुंडाळून.

“वर आलो,” म्हातारा म्हणाला, “तर ही माझ्याकडे बघायलाच तयार नाही. म्हणाली, अस्वलाच्या दाढेची एवढी काळजी, माझी दाढ दोन महिने ठणकतेय ती दिसत नाही?”

हे नवीन होतं. लेकीचा हात क्षणभर थांबला. आईची दाढ खरोखर दुखायची.

“काकूंचं बरोबर आहे,” धिप्पाड माणूस म्हणाला. त्याने मनगटाची गाठ सोडवली आणि दोरी दोन्ही हातांत धरून जोराने ताणली. “कमाल आहे पण. एवढीशी दोरी!”

“भाऊजी, मग तो जाड दोर कशाला वाहायचा?” काडीपैलवान भिंतीकडे बघत म्हणाला. “तो उचलूनच दम लागेल. हीच घेऊ. खिशात मावते.”

“घळीत उतरायला चालेल?”

“काका लोंबकळले की! तुमच्यासाठी दुहेरी बांधू. अस्वलाच्या मापाची.”

“अस्वल कोणाला म्हणतोस रे? तुझ्या बहिणीला सांगतो, थांब.”

“सांगा ना. तीच म्हणते.”

दोघं हसले. धिप्पाड माणूस म्हाताऱ्याकडे वळून, ज्याला आपला बेत सांगायचाच असतो त्या माणसासारखा सांगू लागला. उद्या सकाळी निघायचं. ती घळ आहे ना, खाली डोह असलेली, तिथे. बायका आणि पोरं वर सावलीला थांबतील. हे दोघं आधी उतरून बघणार, जमलं तर धाकटीला पाठीवर घेऊन. धाकटीला पाण्यात पाय घालायचेत, आठवडाभर तिने डोकं खाल्लंय.

“द्या काका. ही द्या. दोन भेंडोळी.”

म्हातारा मान हलवत होता. त्याचे हात आपसूक खालून पिशवी काढत होते, भेंडोळी तिच्यात भरत होते. “मग आम्ही तंबू आवरला,” तो म्हणाला. “ही पुढे, मी मागे. दोरी अजून हिच्याच हाताला गुंडाळलेली. मी म्हटलं, अगं आता सोड. म्हणाली, राहू दे.”

लेकीने वर पाहिलं. तिला वाटलं होतं, आता तो स्वतःच सांगेल. कपाळावर हात मारेल, जाड दोर काढून देईल. ऐकलं होतं त्याने सगळं. घळ ऐकली होती, धाकटीही ऐकली होती. पिशवीत गेलेला त्याचा हात तिथेच राहिला होता, बाहेर येत नव्हता. ओठ हलले, पण त्याचं वाक्य नेहमी दुसऱ्या कुणाच्या वाक्यानंतर यायचं, आणि तो त्याची वाट बघत उभा होता. तो बघत होता, पण तिच्याकडे नाही. स्टुलाकडे.

पायरीवर चावीवाला हातातली किल्ली फडक्याने पुसत होता. पुसून झाली तरी पुसत होता.

“किती झाले, काका?” धिप्पाड माणसाने पिशवीला हात घातला.

लेकीने अंगठा तोंडात धरला. फोडावर जीभ लागली आणि चटका बसला, चांगलाच. दाताच्या सुईचा अंमल उतरायला लागला की आधी असंच ठणकतं. तिने मांडीवरचं कडं बाजूला ठेवलं.

“बाबा.”

म्हातारा हलला नाही.

“बाबा, आई तेव्हा माहेरी होती.”

कुणी हसलं नाही. काडीपैलवान भाऊजींकडे बघायला लागला, भाऊजी म्हाताऱ्याकडे. धिप्पाड माणसाने पिशवीवरचा हात हळूच मागे घेतला, का ते त्याला सांगता आलं नसतं.

म्हाताऱ्याने कपाळावर हात मारला नाही. पिशवीतून एक भेंडोळं काढून काउंटरवर ठेवलं. मग दुसरं. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, खरोखर माहीत नसलेल्या माणसाने विचारावं तसं, लेकीकडे बघून त्याने विचारलं:

“मग मला वर कोणी ओढलं?”

“कोणी नाही, बाबा,” ती म्हणाली. “या दोरीला माणूस पेलवत नाही.”