येलिनेकांचं घर

काउंटीच्या आणीबाणी कक्षात आर्लिस व्होंड्रानं हेडफोन कानावर दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं टेबलावरचा पंखा बंद केला.

"बाई, कुठून बोलताय ते सांगा."

"माहीत नाही हो! आठच दिवस झालेत इथं येऊन. नवरा ट्रॅक्टरखाली सापडलाय. पायातून रक्त थांबत नाहीये!"

"रस्त्याचा नंबर?"

"पाटी वाऱ्यानं पडलीये. जिकडं बघावं तिकडं नुसतं गवत!"

पडद्यावर फक्त मोबाइलचा टॉवर दिसत होता. त्याच्या टापूत तीनशे चौरस मैल गवत आणि चाळीसेक घरं. रुग्णवाहिका आर्लिसनं आधीच काढायला लावली होती. एरवी जनावरांचं खाद्य विकणारा वेड लुंड ती घेऊन उत्तरेला निघाला होता. धान्याच्या कोठारापाशी रस्ता फुटतो. तिथं चुकलेली गाडी परत येईपर्यंत अर्धा तास जातो.

"नाव काय तुमचं?"

"डेनीस."

"डेनीस, त्याच्या कमरेचा पट्टा काढा. जखमेच्या वर, मांडीला आवळा. तो ओरडला तरी सोडू नका."

पलीकडून एक पुरुषी किंकाळी आली. आर्लिसनं डोळे मिटले, उघडले.

"आवळला? शाब्बास. आता आजूबाजूला काय दिसतंय ते सांगा."

"पांढरं घर. पवनचक्की, तिला तीनच पाती. गोठ्याच्या दारावर कुणीतरी पोरांची उंची मापलीये. टॉम... कॅरल..."

आर्लिसचं पेन थांबलं. ते दार तिच्या ओळखीचं होतं. मग तिनं रेडिओचं बटण दाबलं.

"वेड, येलिनेकांच्या घरी जा."

"कुणाच्या?"

"येलिनेकांच्या!"

"या नावाचं कुणी नाहीये हो आपल्याकडं. मी कोठारापाशी उभा आहे. डावीकडं की उजवीकडं?"

वेड तीन वर्षांपूर्वी इथला जावई होऊन आलेला. आर्लिसनं तो रस्ता डोळ्यांपुढं आणला, पण डावं की उजवं ते सांगता येईना. चौतीस वर्षं त्या घरी जाताना गाडीच्या चाकावर हात आपोआप वळले होते, डावं-उजवं कधी म्हणावं लागलं नव्हतं. पुढं आणखी तीन फाटे होते आणि एकालाही पाटी नव्हती.

त्या घरात तिनं संसार केला, पण गावानं त्याला येलिनेकांचंच म्हटलं. ती स्वतःही तेच म्हणायची. या काउंटीत घराला राहणाऱ्याचं नाव लागत नाही. जो निघून जातो, त्याचं लागतं. सहा वर्षांपूर्वी नवरा, लिओ, वारला, गुडघे कुरकुरायला लागले, आणि ती गावात दोन खोल्यांत आली. 'हिवाळ्यापुरती', असं तिनं सगळ्यांना सांगितलं होतं. या वसंतात विक्रीच्या कागदांवर सही केली, तेव्हाही ती कुणाशी त्याविषयी बोलली नव्हती.

"आर्लिस? लवकर!"

"तो डोळे मिटतोय," कानात डेनीस म्हणाली.

आर्लिसनं पुन्हा रेडिओचं बटण दाबलं.

"व्होंड्रांच्या घरी."

"मग असं सांगा ना! सहा मिनिटं."

"फाटक उचलून ढकल. नुसतं ओढलंस तर अडकतं."

सहा मिनिटं ती डेनीसला नवऱ्याशी बोलत राहायला सांगत होती. काहीही बोला, भांडा त्याच्याशी. डेनीस खरंच भांडत होती: तुलाच हवी होती ना मोकळी हवा, घे आता. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा अडखळत पुढं जात होता. मग हेडफोनमध्ये दूरवर सायरन ऐकू आला.

"धूळ दिसतीये," डेनीस म्हणाली आणि रडायला लागली.

संध्याकाळी वेडचा फोन आला.

"पाय वाचेल म्हणतात. तुमचं फाटक मात्र हरामी आहे हं. अन् हे येलिनेक कोण?"

"आमच्या आधीचे."

"बरं, त्या बाईला तुमचे आभार मानायला यायचंय. तुम्ही राहता कुठं नक्की?"

आर्लिसनं खिडकीबाहेर पाहिलं. रस्ता रिकामा होता.

"हार्डवेअरच्या दुकानामागं. ग्रेटा ओल्सनचं घर म्हणून विचारायला सांग."

"ग्रेटा ओल्सन? ती तर केव्हाच वारली म्हणे."

"हो ना," आर्लिस म्हणाली, आणि तिनं पंखा पुन्हा सुरू केला.