जागा देणे आहे

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. शाळेतली नव्हे हो, फाटकावर टांगायची. स्वभावाने जरा झोपाळू. मोडक्या बाकाच्या फळीतून सुताराने मला कापले आणि रंगाऱ्याने माझ्यावर लिहिले, 'जागा भाड्याने देणे आहे'. 'भाड्याने' हा शब्द त्याने मुद्दाम लाल काढला, लोकांच्या डोळ्यांत भरावा म्हणून. बाकीचे सगळे काळे.

चर्चशेजारचे दुमजली घर चर्चच्या मंडळीने, म्हणजे तिथे प्रार्थनेला येणाऱ्या लोकांनी, पोटाला चिमटा काढून विकत घेतले होते. त्याच्या भाड्यावर चर्चमागचा मोफत दवाखाना चालायचा. "घराने कमवायचं आणि दवाखान्याने उडवायचं," असे खजिनदारकाका म्हणत. म्हणत कुरकुरून, पण आतून खुशीत. घरात भाडेकरू असला की मी चर्चमधल्या बाजाच्या पेटीमागे पडून असे. गाणी सुरू झाली की माझ्या लाकडाला गुदगुल्या होत आणि मला स्वप्न पडे, की मीच एक घर आहे, माझ्या खिडक्या उघड्या आहेत आणि आत कोणीतरी गुणगुणत केस विंचरते आहे.

मग भाडेकरू गेला आणि मला फाटकावर टांगले. लोक यायचे, काळोखा जिना बघून नाक मुरडायचे आणि "कळवतो" म्हणून जायचे. उन्हात मला डुलकी लागे. दवाखान्यातल्या सिस्टरबाई मात्र रोज माझ्यापाशी थांबत. त्यांचे औषधांचे कपाट रिकामे होत चालले होते. "कोणी आलं नाही ना?" असे त्या चर्चच्या धर्मगुरूंना, पाळकसाहेबांना विचारत आणि उत्तर न ऐकताच आत जात. मला फार लाज वाटे. ज्या कामासाठी जन्मले, तेवढे एकच मला जमत नव्हते.

एके दुपारी एक शिवणकाम करणारी बाई आली. काखेत गाठोडे, हातात म्हाताऱ्या सासूचा हात. त्यांचे घर आगीत गेले होते.

"इथे जागा देताय ना?" तिने विचारले.

"देतोय की. पण भाड्याने," काका म्हणाले.

"असं कुठे लिहिलंय?"

काका चष्मा पुसून माझ्याकडे बघतच राहिले. लाल रंग उन्हाला सर्वांत आधी हरतो, हे रंगाऱ्याच्या ध्यानातच आले नव्हते. माझ्यावर उरले होते 'जागा', मग नुसतेच लाकूड, मग 'देणे आहे'. पाळकसाहेबांना हसू आवरेना. भाडेकरू मिळेपर्यंत म्हणून त्यांनी मागची खोली तिला उघडून दिली.

तिने खिडक्या उघडल्या, जिना घासूनपुसून लख्ख केला. सासूबाई दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करू लागल्या. घराला घरपण आले. आणि थोड्याच दिवसांत एक व्यापारी आला. त्याला घर आवडले, पण अख्खे हवे होते, मागच्या खोलीसकट.

सिस्टरबाई खाली बघू लागल्या. दवाखाना वाचवायचा तर या दोघींनी जायचे कुठे? खोलीत तिच्या उसन्या शिवणयंत्राचा आवाज थांबला. मला वाटले, झाले, आता यांचे गाठोडे पुन्हा बांधायचे.

काकांनी चष्मा पुसून पुन्हा माझ्याकडे पाहिले. मग व्यापाऱ्याला म्हणाले, "मागची खोली धरू नका. ती दिलेली आहे. हवं तर भाडं कमी करा."

त्याने केले, चांगलेच कमी केले. दवाखाना आता एक दिवसाआड उघडतो. चुकीच्या दिवशी येऊन परत जाणारी माणसे मला दिसतात आणि जीव तुटतो. खोटे कशाला बोलू? मला कोणी पेटीमागे नेलेच नाही, फाटकावरच विसरले. सासूबाई तेवढ्या कधी पदराने माझी धूळ पुसतात.

मित्रांनो, मोठे झाल्यावर घरे घ्या, भाड्याने द्या, त्यातून चार लोकांचे भले करा. मात्र कोणी चुकीचे वाचून तुमच्या दारी आले, तर चूक दाखवण्याआधी त्याला बसायला सांगा.