सोळावी ओढ

मी तोंडाचा फटकळ आहे हे सगळ्या धक्क्याला माहीत आहे, म्हणून सरळच सांगतो. त्या दिवशी माझा हात वळला त्यात लबाडी नव्हती. लबाडी नंतर झाली, मी गप्प बसलो ती.

नऊ वर्षांपूर्वी तळाचा मासा संपत आला म्हणून मत्स्यखात्याने आमचा समुद्र बंद केला. तळ खरवडणारी जाळी गुंडाळा, ट्रॉलर धक्क्याला बांधा, असा हुकूम. आम्ही शिव्या घातल्या, पण खोटं कशाला बोलू, खरवडला होता आम्हीच. वर्षातून एकदा मासा मोजायला खात्याने एकच बोट चालू ठेवली, आमची. तिला चाक धरणारा एकच हवा होता आणि आम्ही भाऊ दोघे. धाकटा म्हणाला, "दादा, तू थांब. तुझ्या पोरी लहान आहेत. मी काय, सडाफटिंग." आणि गेला. तेव्हापासून तो परक्या बंदरात बर्फाच्या गोदामात खोकी रचतोय. दर रविवारी फोन करतो आणि पहिला प्रश्न ठरलेला: "पाणी कसं आहे?" माणसं कशी आहेत ते मागाहून.

मोजणीचं काम तसं सोपं, पण आमच्यासारख्यांच्या जिवावर येणारं. मासा जिथे आहे तिथे जायचंच नाही. नकाशावर चोवीस रेघा आखलेल्या आहेत. दरवर्षी त्याच रेघांवर, तेच जाळं, अर्धा तास, अगदी नाकासमोर ओढायचं. खात्याच्या कागदावर त्याला 'ओढ' म्हणतात. पहिली ओढ, दुसरी ओढ. खात्याच्या बाई डेकवर पट्टी घेऊन बसतात, मोजणीबाई म्हणतो आम्ही त्यांना. आलेल्या माशांची लांबी घेतात, काहींच्या कानातला बारीक खडा काढून त्यावरची वळी मोजतात. एक वळं म्हणजे माशाचं एक वर्ष. पहिल्याच वर्षी मी भडकून म्हणालो होतो, "बाई, मासा तिकडे आहे, इथे काय चिखल मोजताय?" त्या म्हणाल्या, "तुम्ही मासा शोधू नका. सरळ चला."

सोळाव्या रेघेच्या डाव्या अंगाला पाण्याखाली एक खडक आहे. वडिलांनी त्याचं नाव म्हातारी ठेवलं होतं, कारण ती जाळं धरायची आणि परत द्यायची नाही. तिच्या आडोशाला मासा बसतो हे आम्हा तिघांनाच ठाऊक. वडील शिकवायचे, "म्हातारीला धक्का लावू नये, पण भेटल्याशिवाय जाऊही नये." म्हणजे चाक दोन मुठी डावीकडे, शंभरपर्यंत मोजायचं, मग परत सरळ. लहानपणी धाकटा माझ्या पोटाशी उभा राहून मोठ्याने आकडे म्हणायचा. चौसष्ट नेहमी गाळायचा गाढव.

यंदा सोळाव्या ओढीला मी त्याचाच विचार करत होतो. भानावर आलो तेव्हा तोंडात 'शंभर' होतं आणि हात चाक परत सरळ करत होते. जित्याची खोड, दुसरं काय! जाळं वर आलं ते फुगून. दोनशे चाळीस मासे, कोपराएवढाले. मोजणीबाई, एरवी हसायचे पैसे पडतात अशी बाई, ओल्या डेकवर टाळ्या पिटत होत्या. यंत्रात फक्त जाळं टाकल्याची आणि उचलल्याची जागा उमटते. मधला अर्धा तास माझ्या भरवशावर सोडलेला होता.

बाकी तेवीस ओढी जेमतेम. पण या एकीने सरासरी खात्याच्या मर्यादेच्या वर नेली. गुरुवारी बातमी फुटली की येत्या हंगामाला समुद्र उघडणार. संध्याकाळीच धाकट्याचा फोन. "दादा! सोमवारी राजीनामा देतो. माझी गादी आहे का अजून, की उंदरांनी नेली?" नऊ वर्षांत त्याला असं हसताना ऐकलं नव्हतं. मी "ये" म्हणालो. एवढंच म्हणालो. खरं तर मला ओरडायचं होतं. मला माझा भाऊ इथे हवा होता, रोज, माझ्या शेजारी.

शुक्रवारी सकाळी बायकोने त्याची गादी उन्हात टाकली. तिथेच तिला सगळं सांगितलं. तिने कपाळावर हात मारला. "तुम्हाला कोणी विचारलंय का? हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"समुद्र उघडला की सगळ्या बोटी सुटतील. आहे तेवढा मासा दोन हंगामांत खलास. मग कायमचंच बंद."

"आणि भाऊजी?"

मी गादीचं दुसरं टोक धरलं. ती गादी बडवत राहिली, जरा जास्तच जोरात.

तसाच खात्यात गेलो. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? म्हणालो, "बाई, सोळावी ओढ धरू नका. मी वळलो होतो."

त्यांनी चष्मा काढला. "मला वाटलं होतं, आले परत मासे," म्हणाल्या, आणि चष्मा पदराने पुसत राहिल्या. मला वाटायचं या बाईला फक्त पट्टी कळते. मग त्यांनी फॉर्म पुढे ओढला. "रद्द करायची तर कारण लिहावं लागतं."

"लिहा, ओढ वाकडी गेली."

शनिवारी सोळावी रेघ पुन्हा ओढली. चाक दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं. म्हातारी डावीकडून मागे गेली तेव्हा मनगट ठणकत होतं. जाळ्यात अकरा मासे आले. त्यातल्या सगळ्यात मोठ्याच्या खड्यावर चार वळी. समुद्र आणखी तीन वर्षं बंद.

रविवारी फोन वाजला. "पाणी कसं आहे?"

मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

"शिव्या दे," मी म्हणालो. "तुझा हक्क आहे."

"दोनशे चाळीस?" त्याने विचारलं.

"हो."

"केवढाले?"

"कोपराएवढे."

"म्हणजे म्हातारीने सांभाळलेत." मग म्हणाला, "दादा, आकडे कोणी मोजले?"

"मीच. पण ऐकू तुझा आवाज येत होता. तुझी फार आठवण येते रे. रोज येते." हे मी त्याला नऊ वर्षांत एकदाही म्हटलं नव्हतं.

तो नाक ओढत होता. मग बारीक आवाजात म्हणाला, "एक."

"दोन," मी म्हणालो.

बायकोने गादी आजही उन्हात टाकली होती. दारात येऊन ती विचारत होती, ऊन उतरलंय, आत घेऊ का? मी तिला हातानेच थांब म्हटलं. आम्ही अजून त्रेसष्टवर होतो.