बर्फाच्या खोलीबाहेर

उणे वीस अंशांच्या खोलीत एकट्याने शिरायचं नाही, असा लायडनच्या त्या प्रयोगशाळेचा नियम होता. एकाने आत बर्फ कापायचा आणि दुसऱ्याने बाहेर काचेपाशी बसून त्याच्यावर नजर ठेवायची. नियम चांगलाच होता, पण त्याला दोन माणसं लागतात आणि उत्तरा एकटी होती.

तिची सहकारी मार्लूस शनिवारी सकाळीच तापाने फणफणली. ग्रीनलंडमध्ये सव्वा किलोमीटर खोल ड्रिल करून काढलेल्या बर्फाचे शेवटचे बारा तुकडे कापायचे राहिले होते. त्यातल्या बुडबुड्यांत आठ हजार वर्षांपूर्वीची हवा कोंडलेली. ती मोजायचं यंत्र सोमवारी उत्तराच्या वाट्याला येणार होतं. ती पाळी चुकली तर पुढची पाच महिन्यांनी, आणि नोकरी उरलेली चारच महिन्यांची.

सहा वर्षं झाली होती तिला या देशात. मराठी मंडळाच्या ग्रुपवर दोनशे अकरा माणसं. गणपतीत तिच्या हातचे मोदक खाऊन बोटं चाटणारी. जवळच्याच हूफडॉर्प गावातली मंजूषा फोनवर हळहळली, "अगं, आज लेकीच्या स्विमिंग डिप्लोमाची एक्झाम आहे. आधी सांगायचंस ना, काहीतरी प्लॅन केलं असतं!" उत्तराने यादीतली बाकीची नावं खालीवर केली. चार तास माझ्यासाठी नुसतं बसून राहा, असं हक्काने सांगावं असं त्यात एकही नव्हतं. तिला स्वतःची कीव आली आणि लगोलग रागही आला.

वेळेला केळं आणि वनवासाला सीताफळ! तिने सांगलीला आईला व्हिडिओ कॉल लावला आणि थंडीत बॅटरी मरते म्हणून फोन बाहेरच, काचेला टेकवून ठेवला. आईला ती दिसत होती, तिला आई.

"मी पडले-बिडले तर तू तिथून काय करशील गं?" आत जाण्यापूर्वी उत्तराने विचारलं.

"आरडाओरडा करीन," सुरेखाबाई म्हणाल्या. बाबा गेल्यापासून त्या एकट्याच राहत होत्या. खुर्ची पुढे ओढून, चष्मा पुसून त्या अशा बसल्या, जणू परीक्षेला सुपरवायझर.

आठ तुकडे झाले. करवतीवरून मान वर केली की काचेपलीकडे आईचा चेहरा दिसायचा. किती दिवसांनी कुणीतरी आपल्याकडे नुसतं बघत बसलं होतं! नवव्या तुकड्याला उत्तराने मान वर केली, तर खुर्ची रिकामी.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. उत्तराच्या पाचावर धारण बसली. ती तशीच बाहेर धावली. "आई! ए आई!" फोनमधून नुसती पंख्याची घरघर येत होती. शेजाऱ्यांना फोन करावा म्हणून तिने नंबर शोधला, तेव्हा कळलं की आईच्या एकाही शेजाऱ्याचा नंबर आपल्याकडे नाही.

हातमोज्यात काहीतरी तडतडलं. नववा तुकडा हातातच राहिला होता. आठ हजार वर्षांची हवा टिचटिच करत निसटत होती आणि तो तुकडा आता वाया गेला होता. ती मात्र पडद्यावरच्या खुर्चीकडे बघत राहिली.

"अगं, गॅसवाला आला होता," आई पदराला हात पुसत परतली. "ओरडतेस काय? एवढ्यात पडते होय मी? तेव्हा फरशी ओली होती म्हणून..."

"तेव्हा म्हणजे कधी?"

आई चष्मा काढून पुसायला लागली.

"आई, कधी?"

"गेल्या महिन्यात. न्हाणीघरात. उठताच येईना, तासभर तशीच बसले होते. मग कामवाली आली."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू तिथून काय केलं असतंस?" सुरेखाबाई हसून म्हणाल्या. "आरडाओरडा?"

उत्तराला हसू आलं नाही. मोज्यातलं पाणी मनगटावरून ओघळत होतं. पलीकडे करवतीपाशी तीन तुकडे वाट बघत होते.

"तीन राहिलेत," ती म्हणाली. "तेवढे होईपर्यंत बस. आणि उद्यापासून अंघोळीला जाताना फोन लावायचा. दाराबाहेर स्टुलावर ठेवायचा. मी बसेन."

"अगं, तुझी पहाट असते तेव्हा!"

"असू दे. मी बसेन."